पयलीं उदक पळय

मुख्याध्यापकाच्या नोकरीत काही वाक्ये इतक्या वेळा उच्चारावी लागतात की ती आपली राहत नाहीत, खुर्चीची होतात. "सुट्टीत कोणीही नदीवर, धरणावर किंवा खाणीच्या खंदकावर पोहायला वा मासे पकडायला जाऊ नये. गेल्यास कडक कारवाई करण्यात येईल." हे त्यांपैकी एक. आधी शिक्षक म्हणून आणि मग मुख्याध्यापक म्हणून सुट्टीच्या आदल्या दिवशी हे वाक्य मी सूचनावहीत लिहिले, वर्गावर्गांतून फिरवले, प्रार्थनेच्या वेळी मोठ्याने वाचले. २०२५ पासून आमच्याकडे वरच्या वर्गांचे नवे वर्ष एप्रिलातच सुरू होते; पण मे महिना अजून मुलांचाच आहे, आणि सूचनाही जागच्या जागी होती.

सुट्टी लागल्यावर शाळेत घडलेल्या कुठल्या गुन्ह्यावर कारवाई करणार, हा प्रश्न एकाही विद्यार्थ्याने मला कधी विचारला नाही. विचारला तो माझ्या पुतणीने.

गेल्या मे महिन्यात धाकट्या भावाची दोन्ही मुले पुण्याहून डिचोलीला आमच्याकडे आली. थोरला अकरा वर्षांचा, धाकटी आठ. थोरल्याला वाढदिवसाला कोणीतरी मासे पकडायची काठी दिली होती. काठी म्हणजे आपली चिवारीची नव्हे. चकचकीत काळी, तुकड्यातुकड्यांनी जोडायची, मुठीजवळ रीळ असलेली. सोबत रंगीत खोट्या माशांची डबी आणि एक इंग्रजी पुस्तक. त्यात एक आजोबा आपल्या नातवंडांना उन्हाळ्यात धरणाच्या जलाशयावर घेऊन जातात आणि सामन, ट्राउट, बास असे मासे पकडतात. चित्रातले पाणी निळे, मागे बर्फाचे डोंगर, आणि आजोबांच्या डोक्यावर टोपी.

"मोठे काका, इथे धरण आहे ना? आपण कधी जायचं?"

मी खुर्चीतले वाक्य म्हणून दाखवले. धाकटीने ते नीट ऐकून घेतले आणि म्हणाली, "पण मग तुम्ही लहान असताना कुठे जात होतात?"

आमची सौभाग्यवती आतून म्हणाली, "सांगा आता."

उत्तर टाळण्यासाठी शिक्षकाजवळ एक हुकमी उपाय असतो. तो म्हणजे शिकवायला लागणे. मी पुस्तक हातात घेतले आणि ओसरीवर तास सुरू केला. सामन म्हणजे थंड प्रदेशातला मासा. नदीत जन्मतो, समुद्रात जाऊन मोठा होतो आणि अंडी घालायला आपल्या जन्मनदीचा वास ओळखून परत वर चढत येतो. आपल्या बाजारात काही वेळा रावसाला 'इंडियन सामन' म्हणून विकतात, पण त्याचा आणि खऱ्या सामनचा काही सोयरसंबंध नाही. ट्राउट इंग्रजांनी सुमारे १९०० साली काश्मीरच्या ओढ्यांत आणून सोडला, निलगिरीतही नेला. त्याला थंडगार वाहते पाणी लागते, आपल्या मे महिन्यात तो एक दिवस जगायचा नाही. राहिला बास. त्या नावाजवळ जाणारा एक मासा मात्र आपल्या खाडीत आहे. इंग्रजीत त्याला एशियन सी-बास म्हणतात, ऑस्ट्रेलियात बारामुंडी, रायगडात जिताडा. आणि आपण त्याला म्हणतो चोणक.

"चोणक? तो काल जेवणात होता तो?"

"तोच. आणि त्याची गंमत सामनच्या उलट आहे. तो खाऱ्या पाण्यात जन्मतो, लहानपणी खाडीतून गोड्या पाण्याकडे येतो आणि अंडी घालायची वेळ झाली की पुन्हा खाली खाऱ्या पाण्याकडे जातो. शिवाय आधी तो नर असतो, मोठा झाल्यावर मादी होतो."

या शेवटच्या वाक्याने तास उधळला. पण हसता हसता माझ्या लक्षात आले की मुलांना सामनचे चित्र ओळखता येते, आणि ज्या चोणकाचा तुकडा त्यांनी काल चाटूनपुसून खाल्ला, तो अख्खा समोर ठेवला तर ओळखता येणार नाही. यात त्यांचा काय दोष? आमच्या शाळेतल्या कितीजणांना ओळखता येईल, हे विचारायचे धाडस मी केले नाही. शेवटो हा गोव्याचा राज्यमासा, २०१६ साली तसे जाहीर झाले. परीक्षेत विचारले तर मुले नाव लिहितील. टोपलीतून काढून दाखवा म्हटले तर किती हात पुढे येतील?

धाकटीचा प्रश्न मात्र तसाच राहिला होता. मी लहान असताना कुठे जात होतो?

आमचे मूळ घर पेडणे तालुक्यातले, शापोरा नदीच्या खाडीकाठचे. सह्याद्रीतून तिळारी म्हणून उतरणारी नदी ती हीच. खाली येता येता नाव बदलते आणि पेडणे-बार्देशच्या मधून समुद्राला मिळते. आमच्या शेतजमिनी खाजनाच्या. खाडीचे खारे पाणी बांधाने अडवायचे आणि आत कोरगुट भात पिकवायचे. बांधाला मानस असते. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो: मानस म्हणजे लाकडी दारांचा उंबरा. भरती आली की बाहेरच्या पाण्याच्या दाबाने दारे आपोआप मिटतात, ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या दाबाने उघडतात. माणसाने हात लावायला नको. ओहोटीच्या वेळी त्या दारातून पाण्याबरोबर मासे बाहेर पडतात; तिथे जाळे लावायच्या हक्काची पावणी होते. कालुंदर, शेवटे, सुंगटे, नशीब असले तर एखादा चोणक.

पावणी आमची नसे. आम्ही मुले बांधाच्या आतल्या बाजूला गरी घेऊन बसत असू. चिवारीची काठी, तंगूस, मोरपिसाच्या देठाचा तरंगा आणि गांडूळ. आबा सोबत असत. पहिल्या दिवशी त्यांनी मला काठी दिली नाही. अर्धा तास नुसते बांधावर बसवले. भरती होती की ओहोटी, पाणी कुठे वळते, कुठे फेस जमतो, बगळा कुठवर चालत जातो आणि कुठून उडतो, हे विचारत राहिले. मी कंटाळून काठीकडे हात नेला तेव्हा म्हणाले, "पयलीं उदक पळय, मागीर गरी घाल."

आधी पाणी बघ, मग गळ टाक. आबा चौथीपर्यंत शिकलेले. मी पुढे एम. ए. केले, पण पाण्याबद्दल यापेक्षा उपयोगी वाक्य मला कुठल्या ग्रंथात मिळाले नाही.

मग तेच वाक्य मी माझ्या विद्यार्थ्यांना का सांगितले नाही? याचे उत्तर मला माहीत आहे. ते मी फारसे कोणाला सांगितलेले नाही.

नोकरीचे तिसरे किंवा चौथे वर्ष. नववीत एक मुलगा होता. अभ्यासात यथातथा, पण डबा खाताना माझ्या बाकाजवळ घुटमळायचा. मी पेडण्याचा, खाडीकाठचा, हे त्याला कुठूनतरी कळले होते. "सर, तुमी गरी घालतात न्हय? म्हाका शिकयात." दोनतीनदा त्याने विचारले. मी हसून म्हणालो, आधी समीकरणे शिक, मग गरी शिकवतो. त्यात मला फार मोठा विनोद केल्यासारखे वाटले होते.

त्या मे महिन्यात तो दोन मित्रांबरोबर एका सोडून दिलेल्या खाणीच्या खंदकावर गेला. खंदकात वर्षानुवर्षांचे पावसाचे पाणी. डिचोलीकरांना सांगायला नको; पण दूरच्या वाचकांसाठी सांगतो. उघड्या खाणीचा खंदक तळ्यासारखा उतरता नसतो. डोंगर पायऱ्यापायऱ्यांनी कापलेला असतो, एकेक पायरी दोन-दोन माणसे उंच. पाणी भरले की वरून सगळे सपाट आणि हिरवेनिळे दिसते. एक पाऊल गुडघाभर पाण्यात, दुसऱ्या पावलाखाली काही नाही. त्याची गरी कशाला तरी अडकली, ती सोडवायला तो उतरला, असे मित्रांनी सांगितले. त्याला पोहता येत नव्हते. मित्रांनाही येत नव्हते.

सूचनावहीतले ते वाक्य त्याच वर्षीचे. ते मी स्वतः लिहिले आणि पुढे कधी खोडले नाही. पाण्याकडे जाऊ नका म्हटले की आपले कर्तव्य झाले, असे मला वाटत नव्हते. पण झाले असे धरून चालणे सोयीचे होते. दरम्यान दर वर्षी उन्हाळ्यात वर्तमानपत्रात तशीच बातमी येत राहिली. कधी नदी, कधी धबधबा, कधी खंदक. २०१२ साली खाणी बंद पडल्या, पुढे सुरू झाल्या, २०१८ मध्ये न्यायालयाच्या निकालाने पुन्हा थांबल्या. बंद खाणीत पाणी साचायला कोणाची परवानगी लागत नाही. बुडालेली मुले बहुतेक न सांगता गेलेली असत. सांगितले असते तर आम्ही नको म्हटले असते. म्हणून सांगितले नव्हते. हा हिशेब नववीच्या मुलालाही सुटेल. मला सुटायला जवळजवळ तीस वर्षे लागली.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी एकटाच आमठाणे धरणावर गेलो. डिचोली तालुक्यातले हे लहानसे धरण. तिळारीच्या कालव्याला भगदाड पडले की अस्नोड्याच्या जलशुद्धीकरण प्रकल्पाला इथले पाणी द्यावे लागते, त्यामुळे बार्देशातल्या नळांचाही याच्याशी संबंध येतो. कामावरच्या माणसाला विचारले, कुठे बसलेले चालते आणि कुठे मनाई आहे. तिथे माझ्याच शाळेतला सातवीचा एक विद्यार्थी गुरे घेऊन आलेला भेटला. मला पाहून तो पळाला नाही याचेच मला आश्चर्य वाटले. पुतण्यांना घेऊन यायचे आहे म्हटल्यावर त्याने मान डोलावली आणि एका सपाट किनाऱ्याकडे मी बोट दाखवताच म्हणाला, "सर, थंय नाका. थंय चिखल आसा, पांय वता. आनी माणगे वयर येता थंय."

माणगे म्हणजे मगर. आमठाण्यात मगरी आहेत, उन्हे पडली की काठावर येऊन पहुडतात. भीती आणि ओळख यांचे नाते काय असते याचा एक दाखला गोव्यातच आहे. कुंभारजुव्याच्या परिसरातल्या खाडीकाठी, दुर्भाट-आडपईकडे, पौष अमावास्येला शेतकरी चिखलाची मगर करून तिची पूजा करतात. माणगे थापणी म्हणतात तिला. बांध सांभाळायचा तर मगरीच्या शेजारी राहायचे, आणि शेजारी राहायचे तर तिची वेळ, तिची जागा, तिचा मान माहीत हवा. 'मगर असते, जाऊ नका' असे म्हणून त्यांचे भागले नसते. त्यांचे शेतच तिथे होते.

मी त्या मुलालाच सोबत यायला सांगितले. त्याच्या आईवडिलांना विचारून, आणि रीतसर.

तिसऱ्या दिवशी आम्ही चौघे निघालो. कायदे मी घरीच सांगितले. पाण्यात पाऊल टाकायचे नाही. काठापासून वर, त्या मुलाने दाखवलेल्या उंच खडकावरच बसायचे. ऊन चढायच्या आत परत. सोबत एक लांब दोर आणि हवा भरलेली मोटारीची ट्यूब. आणि गरी अडकली तर ती सोडवायला कोणीही उतरायचे नाही, तंगूस कापायचा. शेवटचा कायदा सांगताना माझा आवाज बदलला असावा, कारण दोघेही गप्प झाली.

खडकावर बसवून पहिला अर्धा तास मी काठ्या उघडू दिल्या नाहीत. "पयलीं उदक पळय." मुलांनी पाहिले. धाकटीला पाणकावळा दिसला; तो बुडाला की किती अंकांनी वर येतो ते ती मोजू लागली. थोरल्याला उन्हाळ्याने उघड्या पडलेल्या तांबड्या मातीत एका ओळीत खुंट दिसले. धरण होण्याआधीची झाडे असतील. "म्हणजे पाण्याखालीही असतील," तो म्हणाला. "असतील," मी म्हणालो, "म्हणून गरी अडकते." सातवीतल्या मुलाने एक दगड उचलून दोन ठिकाणी टाकून दाखवला. आवाजात फरक होता. खोल पाण्याचा आवाज जड येतो, हे मी पन्नाशी उलटल्यावर माझ्या विद्यार्थ्याकडून शिकलो.

मग मी माझा भाग शिकवला. असल्या जलाशयांत कटला, रोहू, मृगळ यांचे बी सोडतात. साचलेल्या पाण्यात हे मासे सहसा अंडी घालत नाहीत, म्हणून बी बाहेरून आणावे लागते. हे तिघे म्हणजे तीन मजली घरातले भाडेकरू: कटला वरच्या मजल्यावर जेवतो, रोहू मधल्या, मृगळ तळाशी. तरंगा किती वर बांधायचा ते त्यावर ठरते. चौथा बिऱ्हाडकरू तिलापिया. मूळचा आफ्रिकेतला, १९५२ साली भारतात आणला. आता त्याला घालवायचे म्हटले तरी जात नाही. त्याची मादी अंडी तोंडात धरून ठेवते आणि पिल्ले मोठी होईपर्यंत संकट आले की पुन्हा तोंडात घेते.

"मग ती जेवते कशी?" धाकटीने विचारले.

"नाही जेवत."

तिने खालच्या पाण्याकडे बराच वेळ पाहिले.

मासे लागले ते तिलापियाच. कणकेच्या गोळीला आणि चिवारीच्या काठीला. सातवीच्या मुलाने चार काढले, धाकटीने एक, मी एकही नाही. थोरल्याची काळी काठी रुबाबात फिरत होती, पण खोट्या रंगीत माशाला कोणी भुलत नव्हते. शेवटी त्याने जोरात लांब फेकली आणि ती खुंटात अडकली. त्याने ओढली, झटके दिले, रीळ फिरवले. डबीतला तो सर्वांत महागडा मासा होता. तो उठून उभा राहिला आणि खडकावरून खाली, पाण्याच्या दिशेने, दोन पावले उतरला.

मी ओरडलो नाही. ओरडायला आवाजच फुटला नाही. सातवीतल्या मुलाने बसल्या जागेवरून हात लांबवून त्याचा सदरा मागून धरला आणि अगदी साध्या आवाजात म्हणाला, "काप."

थोरल्याने माझ्याकडे पाहिले. मग खिशातली कात्री काढून तंगूस कापला. तुटलेले टोक वाऱ्यावर थोडे हलले. पाणी होते तसेच होते.

परतताना मी बराच वेळ काही बोललो नाही. मुलांना वाटले मला मासा लागला नाही म्हणून मी नाराज आहे. सौभाग्यवतीने धरणाचे मासे पाहून नाक मुरडले. खाडीसमुद्राच्या माशांवर वाढलेल्या माणसाला गोड्या पाण्यातला मासा मातकट लागतो. तरी तिने आंबट आणि तिरफळे वाढवून हुमण केले. धाकटीने आपला मासा ओळखून मागून घेतला.

जूनमध्ये शाळेत शिक्षकांच्या बैठकीत मी विषय काढला. पोहणे शिकवायची सोय, पालकांची सभा आणि पाण्याची ओळख असा तीन कलमी प्रस्ताव. एका सहकाऱ्याने सरळ विचारले, "सर, तुम्ही पाण्याजवळ न्या म्हणता. उद्या काही झाले तर जबाबदार कोण?" प्रश्न योग्य होता. मी म्हणालो, आजवर जे झाले त्याला जबाबदार कोण, हे मला विचारा. बैठकीत थोडी शांतता पसरली. जुन्या शिक्षकांपैकी एकदोघांना तो मुलगा आठवत असावा. प्रस्ताव पूर्ण मंजूर झाला नाही, फेटाळलाही गेला नाही. पालकांची सभा झाली. पोहण्याचे अजून जमायचे आहे.

याच दिवसांत पहिला जोराचा पाऊस झाला की नदीतले मासे अंडी घालायला ओहोळांतून, शेतांतून वर चढतात. समुद्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना बंदी असते, माशांच्या विणीसाठी. ओहोळात मात्र कंदील-बत्ती आणि कोयता घेऊन चढणीला गाव लोटतो. चढणीचा मासा म्हणजे पोटात अंडी असलेली आई, हे मुलांना सांगायला हवे, असे मी त्या सभेत म्हणालो. एक पालक म्हणाले, "आमच्या बापजाद्यांनी धरले." खरे होते. माझ्या आबांनीही धरले होते. मुलांनी बापजाद्यांकडून काय घ्यावे आणि काय सोडावे, हेही पाणी पाहूनच ठरवावे लागणार.

सूचना मात्र मी बदलली. नवा मसुदा लिहिला: मोठ्या माणसाला सांगितल्याशिवाय आणि सोबत घेतल्याशिवाय पाण्यावर जाऊ नये, खोल पाण्यात उतरू नये, गरी अडकल्यास तंगूस कापावा, कोणी बुडत असल्यास उडी न घेता दोर, काठी किंवा ट्यूब टाकावी आणि हाका माराव्यात. फळ्यावर लावण्याआधी सातवीतल्या, आता आठवीत गेलेल्या, त्या मुलाला बोलावून वाचून दाखवला. त्याने मन लावून ऐकला. मग थोडे थांबून म्हणाला, "सर, खोल उदकांत वचूं नाकात म्हूण बरयलां. पूण खंय खोल आसा तें बरोवंक ना."

मी कागद त्याच्यापुढे सरकवला आणि पेन दिले. तो ज्या जागांची नावे सांगू लागला त्यांतली निम्मी मला ठाऊक नव्हती. नदीचे अमुक वळण, तमुक कोंड, कालव्याचा चिरेबंदी उतार, दोन खंदक. त्यांतला दुसरा खंदक मला ठाऊक होता. ते नाव मी माझ्या हाताने लिहिले.

यादी आता फळ्यावर आहे. दर पावसाळ्यानंतर ती मुलांकडून तपासून घ्यायची, असे ठरले आहे. पाणी जागा बदलते.